पं. विष्णु दिगंबर पलुस्कर : गाण्यातील शब्दाला मान मिळवून देणारे संगीतसाधक

सायंप्रार्थनेला किंवा सत्संगाच्या शेवटी आपण ‘रघुपती राघव’ ही रामधून म्हणता. तिची चाल घराघरांत पोचवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. विद्यालयाचे संस्थापक आणि संगीताचे प्रचारक म्हणून त्यांचे नाव आपण ऐकले असेल. या लेखात त्यांच्या जीवनाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. गाण्यातला शब्द ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत आणि तिथून मनापर्यंत कसा पोचतो, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुनःपुन्हा उभा राहिला. आपण भजन म्हणत असाल, तर हा प्रश्न आपलाही आहे.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराणे मूळचे गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर हे आडनाव आले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. नारदीय कीर्तनात बुवा एक पद गातात, लगेच त्याचा अर्थ गद्यात उलगडतात आणि पुन्हा त्याच पदावर येतात. समोर शेतकरी, बायाबापड्या, लहान मुले असतात. पदातला शब्द कळला नाही, तर पुढचे निरूपण वाया जाते. त्यामुळे कीर्तनकाराला शब्द चावून चालत नाही. लहान विष्णूच्या कानावर पहिले गाणे पडले ते असे.

पुढे दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ उडाला आणि मुलाचे डोळे कायमचे अधू झाले. उपचारांसाठी त्याला मिरजेला आणले. दृष्टी पूर्ववत झाली नाही. शाळेचे शिक्षण थांबले आणि संगीत शिकण्याचे ठरले. मिरज संस्थानिकांनी आश्रय दिला आणि पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे तालीम सुरू झाली. बुवांनी ग्वाल्हेरला राहून, कष्ट सोसून तिथली गायकी मिळवली होती आणि ती महाराष्ट्रात आणली होती. ग्वाल्हेर गायकीत बंदिश नीट, पूर्ण मांडण्याला महत्त्व आहे. आलाप नुसत्या आकारात न करता बंदिशीच्या शब्दांनी करणे आणि तानेतही शब्द गुंफणे, हा तिचा विशेष. वडिलांचे कीर्तन आणि गुरूंची ही गायकी, अशा दोन्हींकडून शब्दाचा संस्कार या शिष्यावर झाला.

बोलणे आणि गाणे यांत काय बदलते

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

आपण बोलतो तेव्हा फुफ्फुसांतून येणारी हवा गळ्यातील स्वरतंतूंना कंप देते. या कंपाच्या वेगावर आवाजाची उंची, म्हणजे षड्‌ज की पंचम, हे ठरते. तोच आवाज वर तोंडात आला की जीभ, टाळू, दात आणि ओठ त्याला आकार देतात. तेथे ‘आ’, ‘ई’ किंवा ‘ऊ’ तयार होतो. म्हणजे स्वराची उंची गळ्यात ठरते आणि अक्षर तोंडात घडते. ही दोन कामे वेगळी असल्यामुळेच एकाच षड्‌जावर आपण ‘आ’ म्हणू शकतो आणि ‘ई’ही म्हणू शकतो. आता करून पाहा. सूर न सोडता फक्त तोंडाचा आकार बदला.

व्यंजनांचे तसे नाही. ‘क’, ‘ट’, ‘त’, ‘प’ उच्चारताना हवा क्षणभर पूर्ण अडते आणि तेवढा वेळ सूरही थांबतो. ‘म’, ‘न’, ‘ल’ उच्चारताना मात्र सूर चालू राहू शकतो. आपल्या पूर्वजांनी कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ अशी स्थाने शोधून वर्णमालेची रचनाच या क्रमाने केली. शिक्षा नावाचे स्वतंत्र वेदांग केवळ उच्चारासाठी निर्माण झाले. तैत्तिरीय उपनिषदाच्या आरंभीच्या वल्लीचे नावही शीक्षावल्ली आहे. वर्ण शुद्ध हवा, ऱ्हस्व-दीर्घाची मात्रा अचूक हवी आणि वर्णांची सांधणी अखंड हवी, हा विचार तिथे आहे.

बोलताना एक अक्षर पापणी लवते तेवढ्यात संपते. विलंबित ख्यालात तेच अक्षर तालाच्या कितीतरी मात्रा ताणले जाते. ताणला जातो तो त्या अक्षरातला स्वर. व्यंजन एकदाच, ठाशीव उच्चारायचे आणि पुढचा सगळा प्रवास स्वरावर करायचा. येथेच चुका होतात. ‘रा’ लांबवताना प्रत्येक वळणावर नकळत ‘ह’ घुसतो आणि ‘रा-हा-हा’ ऐकू येते. कधी ‘ए’ लांबवता लांबवता त्याचा ‘अ’ होतो. कधी ‘राम’मधला ‘म’ फार लवकर येतो, ओठ मिटतात आणि सूर नाकात कोंडतो. वरच्या सप्तकात जाताना तोंड आपोआप मोठे उघडते. तिथे ‘ई’ आणि ‘ऊ’ यांचा निमुळता आकार टिकवणे अवघड जाते आणि ‘ई’ची ‘ए’ होऊ लागते. म्हणून अनेक गायक वर गेल्यावर शब्द सोडून आकाराचा आधार घेतात. ते चूक नाही, पण सवय लागली की खालच्या सप्तकातही शब्द सुटतो. मग ऐकणाऱ्याला राग कळतो आणि देवाचे नाव मात्र कळत नाही.

मिरज सोडले

१८९६ मध्ये पंडितजी मिरजेतून बाहेर पडले. यामागची एक हकीकत सांगितली जाते. एका समारंभाला त्यांना बोलावणे आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. गवयाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत स्थान नाही, असा त्याचा अर्थ होता. ही गोष्ट शिष्याच्या जिव्हारी लागली. संगीताला आणि संगीतकाराला समाजात मान मिळवून द्यायचा, हा ध्यास तेथून सुरू झाला.

सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास झाला. राजे-संस्थानिकांच्या मेहेरबानीवर न राहता सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. त्या काळी हे धाडस होते. गिरनारवर एका साधूने त्यांना उत्तरेकडे, पंजाबात जाण्याची प्रेरणा दिली, असेही सांगितले जाते. ब्रजभूमीत राहून त्यांनी तिथल्या भाषेचा आणि पदांचा परिचय करून घेतला.

५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. लोकांच्या पैशावर चालणारे, ठरलेला अभ्यासक्रम असलेले, मुलांना आणि मुलींनाही खुले असलेले संगीत विद्यालय. सुरुवातीला विद्यार्थी फारसे नव्हते. चांगल्या घरातले लोक मुलांना गाणे शिकायला पाठवायला तयार नव्हते आणि त्याचे एक कारण शब्द हेच होते. अनेक बंदिशींचे शब्द उत्तान शृंगाराचे होते. काही इतके घासले गेले होते की गाणाऱ्यालाही अर्थ सांगता येत नसे. गुरूच्या तोंडून ऐकलेले शब्द, त्या गुरूने त्याच्या गुरूकडून ऐकलेले, अशा प्रवासात ब्रज भाषेचे शब्द मूळ रूप हरवून बसले होते.

पंडितजींनी कोणता मार्ग निवडला, हे आपल्याला ठाऊक असेलच. राग आणि ताल तेच ठेवून त्यांनी अनेक ठिकाणी भक्तिपर शब्द आणले. तुलसीदास, सूरदास, मीरा, कबीर यांची पदे रागांत बसवली. काही संगीतज्ञांना हे पटले नाही. बंदिशीचे शब्द आणि स्वर यांची जी जुनी वीण असते, ती शब्द बदलल्याने सैल होते, हा त्यांचा आक्षेप. तो पूर्णपणे खोटा आहे असे म्हणता येणार नाही. ज्या स्वरावर दीर्घ अक्षर होते तिथे ऱ्हस्व आले, तर जागा बिघडते. परंतु आई-वडिलांनी मुलीला गाण्याच्या वर्गाला पाठवावे, एवढे जरी त्या काळी साधायचे असते, तरी दुसरा मार्ग कोणता होता, याचा आपणच विचार करावा.

लाहोरमध्ये शिक्षक मराठी, विद्यार्थी बहुतांशी पंजाबी आणि पदे ब्रज किंवा अवधी, असा मेळ होता. पंजाबी बोलीत ‘घ’, ‘ध’, ‘भ’ हे वर्ण आपल्यासारखे उच्चारले जात नाहीत. त्यांतला महाप्राण जाऊन शब्दाच्या सुरात चढ-उतार येतो, त्यामुळे ‘घर’ हा शब्द आपल्या कानाला ‘कर’च्या जवळचा वाटतो. भाषेतच असा चढ-उतार असलेल्या मुलाला ‘भज’ आणि ‘घनश्याम’ ठरलेल्या स्वरावर म्हणायचे, तर दोन सवयींची झटापट होते. शिक्षकांचीही अडचण कमी नव्हती. आपण मराठी माणसे ‘च’ आणि ‘ज’ दोन प्रकारांनी उच्चारतो. ‘चंद्र’मधला ‘च’ वेगळा आणि ‘चमचा’मधला वेगळा. हिंदी पदात दुसरा प्रकार कधीच चालत नाही. ‘कैसे’ आणि ‘और’ यांतले ‘ऐ’ आणि ‘औ’ आपण ‘अइ’, ‘अउ’ असे म्हणतो, तर हिंदीत ते तोंड उघडे ठेवून एकच स्वर म्हणून येतात. ‘ज्ञान’ आपल्याकडे ‘द्न्यान’, तिकडे ‘ग्यान’. ‘कृष्ण’ आपल्याकडे ‘क्रुष्ण’, तिकडे ‘क्रिष्ण’. दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे होते.

अभ्यासक्रमासाठी पंडितजींनी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली, लहान लहान पुस्तके छापली, ‘संगीत अमृत प्रवाह’ हे मासिक काढले. डोळे अधू असलेल्या माणसाने संगीत कागदावर उतरवण्याचा ध्यास घ्यावा, हे पाहून हात जोडावेसे वाटतात. स्वरलेखनाचा एक लाभ आपल्या विषयाशी जोडलेला आहे. स्वरांच्या ओळीखाली शब्दांची ओळ लिहिली की कोणते अक्षर कोणत्या मात्रेवर येते, कुठे एकच स्वर लांबतो आणि कुठे नवे अक्षर सुरू होते, हे डोळ्यांना दिसते. शब्द मध्येच तोडला जात असेल, तर तेही दिसते.

शब्द कुठे तोडायचा

शब्द तोडण्याच्या चुकीने अर्थ पालटतो. ‘मैं नहीं’ हे दोन शब्द सलग म्हणताना तोड थोडी सरकली आणि ‘ने’ पुढे निघाले की ‘मैंने ही’ ऐकू येते. नकाराचा कबुलीजबाब होतो! कीर्तनकार आणि कथाकार बाळकृष्णाच्या लोण्याच्या चोरीची कथा सांगताना याचा गोड उपयोग करतात. पण नकळत झाले, तर ती चूकच.

आपल्या आरत्यांचेच पाहा. गणपतीच्या आरतीत ‘संकटी’ऐवजी ‘संकष्टी’ आणि ‘सदना’ऐवजी ‘सजना’ म्हणणारे आपल्या आसपास किती आहेत? कदाचित आपणही म्हणत असाल. टाळ्यांचा वेग वाढला की तोंडात ओळखीचा शब्द येतो आणि मूळ शब्द बाजूला पडतो. ‘ब्रह्म’ म्हणताना ‘ह’ आधी आणि ‘म’ नंतर, हेही आपण विसरतो आणि ‘ब्रम्ह’ म्हणतो. कोणी भाबडेपणाने चुकीचे म्हटले म्हणून देव रागावत नाही, हे खरेच. पण दहा वर्षे म्हटलेल्या आरतीचा अर्थ एकदाही मनात उमटला नसेल, तर नुकसान आपले आहे.

पंडितजींचे शिष्य पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी शब्दाच्या भावाचा विचार आणखी पुढे नेला. बोलताना आपण एकच वाक्य विनवणीने, रागाने किंवा लाडाने म्हणतो. या स्वरभेदाला शास्त्रात काकू म्हणतात आणि भरताच्या नाट्यशास्त्रातही तिचा विचार आहे. ओंकारनाथजी पद गाताना एकच शब्द वेगवेगळ्या काकूने म्हणत. काही श्रोत्यांना ते नाटकी वाटे. बहुतेकांच्या डोळ्यांत मात्र पाणी येत असे.

मुंबई, कर्ज आणि रामनाम

१९०८ मध्ये पंडितजींनी मुंबईत विद्यालय सुरू केले. गुरुकुलाप्रमाणे विद्यार्थी तेथे राहून, जेवून शिकत. त्यांतून उपदेशक तयार होऊन देशभर जात. पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, आवाजशास्त्राचा पुढे खास अभ्यास करणारे प्रा. बी. आर. देवधर हे सारे याच परंपरेतले. पं. नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गेले आणि तिथली प्रार्थना त्यांनी घडवली. गळा नसलेल्या आश्रमवासीयांनाही म्हणता येईल असे त्यांना गायचे होते.

येथे रामधुनीचे मर्म लक्षात घ्या. तिच्यात ‘अ’ आणि ‘आ’ हे उघडे स्वर पुनःपुन्हा येतात. ‘राम’ हे नाव तर गाण्यासाठीच घडवल्यासारखे आहे. ‘र’ने जीभ हलते, ‘आ’ने तोंड पूर्ण उघडते, ‘म’ने ओठ मिटतात आणि तरीही नाद आत गुंजत राहतो. शंभर माणसांनी एकत्र म्हटले तरी अक्षरे एकमेकांत अडकत नाहीत. शास्त्रीय बैठक असलेला गवई आणि कधीही न गायलेला शेतकरी एकाच वेळी म्हणू शकतील, अशी चाल पंडितजींनी लोकांच्या ओठांवर रुळवली.

काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला आक्षेप घेतला, तेव्हाही पंडितजींनी गीत पूर्ण गाऊनच थांबणे पसंत केले. या गीताच्या उच्चाराचीही एक गंमत आहे. ते बंगालमध्ये जन्मले आणि बंगाली मुखात ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून तिथे ‘बन्दे मातरम्’ ऐकू येते. पंजाबात आणि महाराष्ट्रात ‘वंदे’. गीत एकच, भाव एकच.

मुंबईतील सँडहर्स्ट रोडवरील भव्य वास्तू कर्ज काढून उभी केली होती. दौरे, मैफली, निधी, सगळे करूनही कर्ज फिटेना. १९२४ मध्ये ती वास्तू लिलावात गेली. आयुष्यभराचे काम असे डोळ्यांदेखत गेल्यावर माणूस कडवट होतो. पंडितजींचे मन मात्र त्याआधीच दुसरीकडे लागले होते. घरात अनेक अपत्यांचे मृत्यू त्यांनी सोसले होते. वृत्ती विरक्त झाली होती. १९२२ मध्ये त्यांनी नाशिकला रामनाम आधाराश्रम स्थापन केला होता आणि आता ते तुलसीरामायण सांगण्यात रमले.

रामचरितमानस गाताना उच्चाराचा आणखी एक धडा मिळतो. शुद्ध उच्चार म्हणजे प्रत्येक शब्द संस्कृतासारखा करणे, असे आपल्याला वाटते. तुलसीदासांची भाषा अवधी. तिच्यात ‘यमुना’ची ‘जमुना’ होते, ‘चरण’चे ‘चरन’ होते, ‘शिव’चे ‘सिव’ होते. मराठी वाचक हे ‘सुधारून’ म्हणू लागला, तर भाषेचा गोडवा जातो. काही ठिकाणी मात्रा आणि यमकही बिघडते. अवधी शब्द अवधीसारखा, संस्कृत स्तोत्र संस्कृतसारखे आणि तुकोबांचा अभंग मराठीसारखा म्हणणे, हीच त्या त्या वाणीची शुद्धता. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ घ्या. संस्कृत श्लोकात ‘राम’मधला शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारायचा असतो. मराठी बोलण्यात तो लोपतो आणि आपण ‘राम्’ म्हणतो. गाताना मात्र छंदाला किंवा तालाला गरज पडली की लोपलेला ‘अ’ परत येतो. म्हणून नवे भजन शिकताना आधी ते न गाता, तालावर बोट ठेवून नुसते वाचावे. कुठे अक्षर पूर्ण म्हणायचे आणि कुठे पाय मोडायचा, हे गळ्याच्या आधी जिभेला कळते. मग चाल.

शेवटची वर्षे

शेवटी पंडितजींची प्रकृती खालावली. जिथे तालीम झाली त्या मिरजेतच २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षा आज आपली मुले देतात, त्या या मंडळाच्या.

हयात राहिलेला एकुलता मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी, म्हणजे पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास यांनी, त्याला शिकवले. पं. द. वि. पलुस्कर या नावाने तो देशभर गाजला आणि १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्यांच्या भजनांच्या ध्वनिमुद्रिका आजही सहज ऐकायला मिळतात. एखादे भजन लावा आणि चालीकडे लक्ष न देता फक्त शब्द ऐका. व्यंजन एकदाच येते, हलके पण स्वच्छ. स्वर लांबतो, पण त्याचा रंग बदलत नाही. ‘राम’मधला ‘म’ अगदी वेळेवर येतो.